गौरी-गणपती करूनच निघते

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले असते तर आईने अर्ध्यातच फोन बाबांकडे दिला असता, बाबा "बरं, बघू" म्हणाले असते, आणि उरलेलं तुम्हाला आत्याकडून तिखटमीठ लावून कळलं असतं. म्हणून लिहिते आहे. पैसे भरून झालेत, व्हिसा हातात आहे, तेव्हा "जाऊ का?" असं विचारत नाही. सप्टेंबरअखेरीस मी इटलीला चालले आहे, मोटरसायकलवरून. दुसऱ्या महायुद्धात आपली माणसं जिथे लढली ती गावं, दफनभूमी आणि संग्रहालयं बघत जाणारा एक ग्रुप आहे, त्यांच्याबरोबर.

नागोठण्याच्या अपघातानंतर आपल्या घरात दुचाकीचं नाव निघत नाही, मला ठाऊक आहे. आई, तू आता चष्मा काढून देवघरात जाऊन बसशील. आधी पुढचं वाच, मग जा.

एकटीदुकटी नाही चालले. सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला माणूस, सगळ्यांत मागे 'स्वीप'. त्याचं काम एकच, कोणालाही मागे सोडून पुढे यायचं नाही. त्याच्या मागून व्हॅन, तिच्यात आमच्या बॅगा, मेकॅनिक आणि एक जादा बाईक. दमले तर व्हॅनमध्ये बसेन, मला त्यात कसली लाज नाही. मोठ्या हायवेवर जायचंच नाही आणि अंधाराच्या आत मुक्काम. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे बाबांच्या लक्षात आलं असेलच. त्याची सवय व्हावी म्हणून पहिला दिवस रोमबाहेर मोकळा ठेवला आहे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. जॅकेटमध्ये एअरबॅग असते, पडलं की फुगते. विमा तुमच्या जावयांनी निवडला, म्हणजे सगळ्यांत महागडा.

आणि नीट शिकले आहे हो. रविवारी पहाटे मैदानात जाऊन, हळू चालवायला. जोरात कोणीही चालवतं. गाडी पायी चालण्याच्या वेगात आठाच्या आकड्यात फिरवायची, पाय न टेकता, हे खरं अवघड. पडलेली गाडी एकटीने उचलायलाही शिकवलं. तिच्याकडे पाठ करून खाली बसायचं, कंबर सीटला लावायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची कडी, आणि पाठ न वाकवता मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावलं टाकत उठायचं. तांदळाचं पोतं पाठीवर घेतात, तसंच काहीसं. पहिल्यांदा उचलली तेव्हा रडू आलं, आणि बाबा, तुमची राजदूत आठवली. टाकी तापते म्हणून आई टॉवेलची घडी करून त्यावर मला बसवायची, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत "हळू, हळू" म्हणत मागून चालत यायची. आई, तू आजही तेच म्हणणार आहेस.

आता, इटलीच का. बाबा, हे तुम्ही विचारायचंच नाही. मुंबईहून महाडला येताना एसटी माणगावात शिरली की तुम्ही मला हलवून उठवायचात, "ऊठ, यशवंतराव घाडग्यांचं माणगाव आलं." मला लघवीला जायचं असायचं आणि तुम्ही मला कचेरीच्या आवारातल्या त्यांच्या पुतळ्याची गोष्ट सांगायचात. १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. तुकडीतले बाकी सगळे पडले, तरी मराठा पलटणीतला हा २२ वर्षांचा नाईक एकटा मशिनगनवर धावून गेला. ग्रेनेडने गन उडवली, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानेच मारलं. मग स्नायपरच्या गोळ्यांनी गेला. तिथल्या मोंतोने गावाने २०२३ साली त्याच्या नावाने स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाचं. आम्ही तिथे थांबणार आहोत. यशवंतराव घाडग्यांची समाधी मात्र कुठेच नाही, नाव आहे ते कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर, तशाच चार हजारांहून जास्त नावांमध्ये.

कॅसिनोलाच पहिला मोठा मुक्काम आहे. डोंगरावरचा मठ फेब्रुवारी १९४४ मध्ये बॉम्ब टाकून पाडला होता, आता पुन्हा होता तसा बांधलाय. आपल्या हिंदी फौजेची चौथी डिव्हिजन त्याच उतारावर झिजली, आणि शेवटी १८ मेला वर पोचले ते पोलंडचे लोक. इटलीत आपले ५० हजारांच्या वर गेले होते, ५,७८२ परत आले नाहीत. आजोबा म्हणायचे, इंग्रजांच्या पगारावर मेले त्यांचं कौतुक कसलं, १९४२ ला महाडच्या कचेरीवर मोर्चा नेला त्यांचं सांग पोरीला. मग तुमचं दोघांचं जेवणावरून वाजायचं. मला तेव्हाही दोघं बरोबर वाटायचे आणि आजही वाटतात. पण मोर्च्यातल्यांसाठी महाडात बोलणारे खूप आहेत. तिकडच्यांसाठी आपल्या घरात तुम्ही एकटे होतात, आणि तुमची ती कात्रणांची फाईल पुरात गेली. चिखलातून काढून तुम्ही तिची पानं गच्चीवर वाळत घातली होती, ते मला अजून दिसतं.

पुढे फुता खिंड. तिथे जर्मनांची दफनभूमी आहे, ३० हजारांवर थडगी, एका डोंगरावर. मला तिथे जायची जरा धास्तीच वाटते आहे, पण टाळणार नाही. लगेच पुढे रातिकोझा खिंडीत सगळ्या इटलीचे बाईकवाले कॉफीला जमतात म्हणे, तिथे मन हलकं होईल. मग फोर्लीची भारतीय दफनभूमी. तिथे ज्यांचं दहन झालं अशा जवळपास ८०० जणांची नावं वेगळी कोरली आहेत. आणि शेवटी आल्फोन्सीने, सेन्यो नदीच्या लढाईचं संग्रहालय. तुमचे दुसरे लाडके, नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ते याच नदीवरचे. ९ एप्रिल १९४५. दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर आणलं, हात फुटल्यावर टॉमीगन टाकून ग्रेनेडवर आले, तीन मशिनगना बंद केल्या आणि काठावर उभं राहून महाराजांच्या नावाने आरोळी दिली. तुम्ही ती एसटीत देऊन दाखवली होती. कंडक्टर दचकला होता.

आई, तू म्हणशील मेलेल्यांची गावं कसली बघतेस, त्यापेक्षा काशीला चल. काशीलाही नेते, नक्की, थंडीत. जेवणाची काळजी नको. तिथे टोमॅटो, पाव, चीज, भाज्या सगळं मिळतं, शाकाहारी उपाशी राहत नाही. मेतकूट आणि तुझी शेंगदाण्याची चटणी नेणारच आहे, तेव्हा गणपतीत करून ठेव, लसूण कमी.

गौरी-गणपती सोडून जाणार नव्हतेच. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, भांडी माळ्यावर गेली की मगच निघते. दसऱ्याच्या आत परत. तोवर नात पुण्याहून शनिवार-रविवार येईल, जावई फोन करतील. पोळीवाल्या मावशींना रात्रीचंही सांगितलं आहे. आई, "मी करते ना" म्हणून त्यांना परत पाठवू नकोस.

आता ऐका. गोळ्यांच्या डब्या वारांप्रमाणे भरून ठेवते, एका डब्यातली दुसरीत घालायची नाही. बाबा, स्टुलावर चढून ट्यूब बदलायची नाही, वायरमनला बोलवा, त्याला पैसे दिलेत. पहाटे अंधारात फिरायला जायचं नाही, सात वाजता जा, कोणी तुमची हजेरी घेत नाही. डोळ्याचं ऑपरेशन मी आल्यावर, तोपर्यंत बाईक काय, काकांची स्कूटीसुद्धा नाही. आई, साखर उपाशीपोटी तपासायची, चहा घेऊन नव्हे. आणि फोनवर कोणी कितीही गोड बोललं तरी ओटीपी सांगायचा नाही.

रोज मुक्कामाला पोचले की मेसेज करेन. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा-साडेदहा झाले असतील. वाट बघत जागू नका म्हटलं तरी जागालच, तर निदान दूध पिऊन जागा.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. फाईल गेली तरी त्यातली महाड-माणगाव-पोलादपूरची नावं तुम्हाला पाठ आहेत. गावासकट लिहून ठेवा, मोठ्या अक्षरात. कॅसिनोला गेले की दगडावर एकेक नाव शोधून फोटो पाठवते. इंग्रजांनी स्पेलिंगं कशीही केलीत, म्हणून आडनावं दोन-तीन तऱ्हांनी लिहा.