चामड्याची कातरणे आणि गोल्फच्या काठ्यांच्या गवसण्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गोल्फच्या काठ्यांच्या डोक्यावर घालायच्या चामडी गवसण्या घरच्या घरी हाताने शिवता येतात आणि त्यांना पुरेल असे चांगले चामडे मुंबईत रोज कचऱ्यात जाते. या दोन गोष्टींची सांगड घातली जावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी चेंबूरला राहतो. धारावीतील बॅगांच्या एका कारखान्यात ३१ वर्षे कटिंगचे काम करून निवृत्त झालो आणि गेली सहा वर्षे घरी या गवसण्या शिवतो. खेळाडू आणि दुकानदार त्यांना हेड कव्हर म्हणतात. मी गवसणी म्हणतो, कारण तंबोऱ्याच्या गवसणीचे काम आणि हिचे काम एकच आहे: आतल्या वस्तूचा आकार धरून बसायचे आणि तिला ओरखडा येऊ द्यायचा नाही.

माझा पुतण्या इथल्या गोल्फच्या मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, आहे. एका पावसाळ्यात त्याने एका सभासदाची फाटलेली गवसणी दुरुस्तीसाठी माझ्याकडे आणली. ती दिसायला चामड्याची होती, पण हातात घेताच तिचे काळे पापुद्रे सुटून बोटांना चिकटू लागले. कापडावर पॉलियुरेथेनचा थर चढवून केलेला तो माल होता. असा थर दमट हवेतील बाष्पाने हळूहळू तुटत जातो. वस्तू वापरली नाही, नुसती कपाटात ठेवली, तरीही. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात तो कोरड्या प्रदेशातल्याइतका टिकण्याची अपेक्षाच चुकीची आहे. पापुद्रे सुटलेल्या कापडाला टाका धरत नाही, म्हणून ती गवसणी दुरुस्त झाली नाही. मी तिचे माप घेतले आणि खऱ्या चामड्याची दुसरी शिवली.

ज्यांचा या खेळाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी गवसणीचे कारण सांगणे आवश्यक आहे. नियमानुसार खेळाडूला एका फेरीत १४ पेक्षा अधिक काठ्या नेता येत नाहीत. त्यांतील बऱ्याच ‘आयर्न’ प्रकारच्या, पोलादी पात्याच्या असतात आणि त्यांना आवरणाची फारशी गरज नसते. गरज असते ती ड्रायव्हर, फेअरवे वुड आणि हायब्रिड या फुगीर डोक्याच्या काठ्यांना, आणि पटरला, म्हणजे चेंडू खळग्यात हलकेच ढकलायच्या काठीला. पूर्वी ही डोकी पर्सिमन या, आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील झाडाच्या लाकडाची असत. आता ती टायटॅनियमची किंवा कार्बनची आणि आतून पोकळ असतात. ड्रायव्हरच्या डोक्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटरपर्यंत असू शकते आणि एवढे मोठे डोके हलके राहावे म्हणून त्याच्या माथ्याचा पत्रा एका मिलिमीटरहूनही पातळ ठेवतात. पिशवी खांद्याला लावून कॅडी चालू लागला की पोलादी पाती त्या माथ्यावर आणि शेजारच्या ग्राफाइटच्या दांड्यांवर पावलागणिक आपटतात. शिवाय १८ होलच्या, म्हणजे १८ खळग्यांच्या, फेरीत ड्रायव्हर साधारण चौदा वेळा बाहेर निघतो, म्हणजे गवसणी तितक्याच वेळा खेचून काढली आणि पुन्हा चढवली जाते. म्हणून गवसणी उसवते ती बहुतेक वेळा मानेशी, आणि शिवणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष तिथेच द्यायला हवे.

आता शिवणकामाविषयी. ते मी जरा सविस्तर लिहितो, कारण पूर्वी शिवणकाम केलेल्या कोणालाही ते जमण्यासारखे आहे. चामडे शेळीचे घ्यावे, १ ते १.२ मिलिमीटर जाडीचे. त्याहून जाड घेतले तर शिवल्यानंतर ते उलटवता येत नाही, आणि गवसणी तर आतून शिवून उलटवायचीच असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले असते, कारण तिथे ताठपणा लागतो. गवसणीला मात्र क्रोममध्ये, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेले मऊ चामडे बरे पडते आणि त्याला पाणीही कमी बाधते. ड्रायव्हरच्या एका गवसणीला दीड ते दोन चौरस फूट चामडे पुरते, आणि तेही सलग असण्याची गरज नाही, कारण दोन गाल आणि त्यांना जोडणारी मधली पट्टी असे तीन तुकडे स्वतंत्र कापले जातात.

काठीचे डोके कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड उतरवावी, अस्तराची जाडी आणि मोकळीक धरून चहूकडे १ सेंटिमीटर आणि शिवणीसाठी आणखी ५ मिलिमीटर सोडावेत, आणि चामड्याला रापी (कापायचे हत्यार) लावण्यापूर्वी जुन्या चादरीची कच्ची गवसणी शिवून ती चढते-उतरते का ते पाहावे. त्यानंतरच पुठ्ठ्याचा साचा कापावा. चामडे कण्याच्या दिशेने कमी ताणते आणि आडवे जास्त. म्हणून गवसणीची लांबी कण्याच्या दिशेला धरायची. पोटाकडचे चामडे सैल असते. हे सर्व मला बॅगांच्या कामामुळे ठाऊक होते, तरीही पहिल्या गवसणीच्या वेळी तुकडा मोठा दिसला म्हणून मी पोटाकडचेच चामडे कापले. आठवडाभर ती घट्ट बसली आणि मग इतकी ढिली झाली की चालता चालता गळून पडली. पुतण्याला ती शोधायला दोन होल मागे जावे लागले. तेव्हापासून प्रत्येक तुकडा मी दोन्ही हातांनी ताणून पाहतो आणि मागच्या बाजूला खडूने ताणाची दिशा लिहून ठेवतो.

चामड्याला टाचणी लावू नये. कापडातले भोक बुजते, चामड्यातले कायम राहते. तुकडे एकमेकांना धरून ठेवायला दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम. कडेपासून ४ मिलिमीटर आत रेघ मारून तिच्यावर जेवणाच्या काट्याची टोके दाबत गेले की टाक्यांच्या समान खुणा उमटतात, आणि मग आरीने एकेक भोक पाडायचे. घरातल्या शिलाई मशीनवर हे काम करू नये, असा माझा आग्रह आहे. एक तर चामड्याचे दोन थर आणि अस्तर यांचा भार तिला सोसत नाही, आणि दुसरे असे की मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवलेला असतो, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाके सुटू लागतात. हाताच्या टाक्यात एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि दोन्ही सुया प्रत्येक भोकातून समोरासमोर पलीकडे जातात. एका ठिकाणी दोरा झिजून तुटला तरी दुसरी बाजू शिवण धरून ठेवते. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यावा, म्हणजे १४ इंचांच्या शिवणीला ५६ इंच. तो पॉलिएस्टरचा आणि मेण लावलेला असावा. सुती दोरा आपल्याकडच्या पावसाळ्यात कुजतो.

मानेची रचना मात्र घाईने करता येत नाही. ड्रायव्हरचे डोके टाचेपासून टोकापर्यंत ५ इंचांपर्यंत असू शकते आणि दांडा तर बोटाएवढा. तेव्हा तोंडातून डोके सहज आत जावे आणि त्याच तोंडाने खाली आवळून धरावे, या दोन परस्परविरोधी मागण्या तिथे पुऱ्या कराव्या लागतात. मी मानेशी चामडे आणि अस्तर यांच्यामध्ये रुंद इलॅस्टिक ताणून शिवतो आणि मागून-पुढून शिवण संपते तिथे उलटे टाके घेऊन दोरा तीन भोके परत आणतो. अस्तराला पॉलिएस्टरचे फ्लीस वापरावे. फलालीन स्वस्त आणि मऊ असते, पण ते पाणी धरून ठेवते आणि पटरच्या पोलादावर गंज चढतो. दोन संध्याकाळी बसले की एक गवसणी पुरी होते.

ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले, ती आता मांडतो. कातडे चौकोनी नसते. बॅगेची मोठी पॅनेल कापून झाली की मान, पाय आणि कडा यांचे तुकडे उरतात, आणि माझ्या कारखान्यातील अनुभवानुसार चामड्याचा पाचवा हिस्सा तरी असा बाजूला पडतो. त्यातले वीतभर रुंदीचे तुकडे बॅगेच्या दृष्टीने निरुपयोगी असले तरी गवसणीच्या मधल्या पट्टीला आणि हायब्रिडच्या गालांना ते पुरेसे असतात. पोटाकडचे सैल तुकडेसुद्धा फेअरवे वुडच्या गवसणीवर लावायच्या ३ आणि ५ या आकड्यांच्या चकत्यांसाठी कामी येतात. असे असताना ही कातरणे गोणीत भरून रद्दीच्या भावाने जातात किंवा सरळ कचऱ्यात टाकली जातात. एका कारखान्यात थंडीच्या दिवसांत ती पेटवून शेकोटी केलेली मी स्वतः पाहिली आहे. केस जळल्यासारखा तो वास ज्याने घेतला आहे त्याला तो विसरता येणार नाही. आणि वासापेक्षाही गंभीर गोष्ट ही की क्रोममध्ये कमावलेले चामडे जाळले असता त्यातील क्रोमियमचे कर्करोगकारक रूपात रूपांतर होऊ शकते. त्या शेकोटीभोवती सोळा-सतरा वर्षांची पोरे बसलेली होती.

धारावीतील कातडी कमावण्याचे जुने उद्योग केव्हाच थांबले किंवा शहराबाहेर गेले. संत रोहिदास मार्गावरच्या दुकानांत आज जे चामडे दिसते ते मुख्यतः चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून तयार होऊन येते. एवढ्या लांबून आणलेल्या मालाचा पाचवा हिस्सा फेकावा, हे हिशेबातही बसत नाही. माझी त्या दुकानदारांना आणि कारखानदारांना विनंती आहे की त्यांनी कातरणांच्या गोणीतून निदान तळहाताहून मोठे तुकडे वेगळे काढावेत आणि किलोवर, पण जाडीप्रमाणे निवडून विकावेत. आज घरी काम करणाऱ्या माणसाला एक गवसणी शिवायची तर अख्खे कातडे घ्या असे सांगितले जाते, आणि तो बिचारा रेक्झीन घेऊन परततो.

गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावे लागणार नाही. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे मैदान १९२७ पासूनचे आहे, ताडदेवचा विलिंग्डन क्लब १९१८ पासूनचा, आणि खारघरला सिडकोने सर्वांसाठी खुले मैदान केले आहे. चेंबूरच्या मैदानापासून पादत्राणे बनवणाऱ्यांची ठक्कर बाप्पा कॉलनी आणि पलीकडे धारावी ही दोन्ही काही किलोमीटरच्या आत आहेत. आणि मैदानाभोवतीच्या वस्त्यांत राहणारी कॅडींची घरे तर या खेळाला इतकी सरावलेली आहेत की तिथली मुले लोखंडी सळई वाकवून तिची काठी करतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीत गोल्फ खेळतात. कोणत्या काठीचे डोके केवढे, हे त्या घरांना वेगळे शिकवावे लागत नाही. माझी वहिनी पूर्वी ब्लाउज शिवत असे. चार गवसण्या माझ्याबरोबर शिवल्यावर पाचवी तिने एकटीने शिवली, आणि तिची शिवण आज माझ्याहून सरळ येते. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने आपल्या प्रशिक्षणात दोन सुयांच्या टाक्याला आणि अशा लहान वस्तूंना जागा दिली, तर आमच्या समाजातील ज्या घरांतून रापी आणि आरी माळ्यावर गेली आहे तिथे ती पुन्हा खाली येईल, अशी मला आशा आहे. आमच्या घरी ती हत्यारे तीन पिढ्या आहेत आणि वडिलांची आरी मी अजून वापरतो.

ज्यांच्याकडे चामड्याची गवसणी आधीपासून आहे त्यांनाही थोडे सांगावेसे वाटते. जून ते सप्टेंबर ती बंद कपाटात ठेवू नये. भिजली तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत, वाऱ्यावर सुकवावी. उन्हात किंवा इस्त्रीने सुकवली तर चामडे कडक होऊन चिरते. बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्याने पुसावी. स्वयंपाकघरातले तेल चोळू नये, ते कालांतराने खवट होते.

ड्रायव्हर, फेअरवे वुड, हायब्रिड आणि सरळ पात्याचा पटर अशा चार गवसण्यांचे पुठ्ठ्याचे साचे माझ्याजवळ तयार आहेत. त्यांच्या प्रती काढून मी येत्या आठवड्यात आपल्या कार्यालयात आणून देईन; ज्या वाचकांना हव्या असतील त्यांना त्या विनामूल्य द्याव्यात. प्रत्येक साच्यावर ताणाची दिशा बाणाने दाखवलेली आहे, ती उलटी धरू नये.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चर्मकारागीर
चेंबूर, मुंबई