रोवणीला येतेच आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आई रडायला लागते नि बाबा फोन दादाच्या हातात देतात, म्हणून लिहिते आहे. नागपूरची नोकरी सोडली. ताडोब्याच्या जंगलालगत मोहर्लीला एका रिसॉर्टवर पाहुण्यांना जंगल दाखवायचं काम धरलंय, सुरूही केलं. पगार कमी आहे, पण राहणं-जेवण त्यांचंच, त्यामुळे हातात उरतात तेवढेच. खोलीला पंखा आहे, कूलरही देणार आहेत. भात दोन्ही वेळा मिळतो, आई. लाखोळीचं वरण मात्र तुझ्या हातचं नाही.

बाबा, यासाठी शिकवलं का, असं म्हणाल. पण पौषात तारूच्या जत्रेला तुम्हीच नेलं होतं ना? तळ्यात मगरी असतात म्हणालात, तर मी दिवसभर तुमच्या धोतराचा सोगा सोडला नव्हता. वाघाशी झुंजताना मेलेला तो गावचा मुखिया तारू, त्याच्यावरून ताडोबा, ही गोष्ट मी तुमच्याच शब्दांत सांगते. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं पहिलं, एवढं पुढं माझं. पाहुण्यांना वाघच हवा असतो. मी मुद्दाम रस्त्याकडेचे गोंडकाळातले दगडी खांब दाखवते. त्यांतून दोर ओवून घंटा बांधत आणि राजाची स्वारी निघाली की वाजवत, म्हणतात. निम्मे लोक तेवढ्यात मोबाईल बघून घेतात. बघोत बापडे.

माझी काळजी करू नका, मी जिप्सीतच असते, खाली उतरू देतच नाहीत. भीती मला तुमची वाटते. मोहफुलं पडायला लागली असतील. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, म्हणून बाबा, पहाटे एकट्यानं मुळीच जायचं नाही. नीट उजाडल्यावर, चौघं मिळून, मोठ्यानं बोलत जा. झाडाखालचा पाला पेटवू नका, त्यानंच वणवे लागतात. खराट्यानं झाडून घ्या. शुगरची गोळी वेळेवर, आठवेल तेव्हा नाही. आई, तू गुडघे घेऊन मागं मागं जाऊ नकोस. रागानं नाही सांगत गं.

मंगळवारी जंगल बंद असतं, तेव्हा निवांत फोन करीन. आणि जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे आतलं जंगल, बंदच. नागपूरहून भाताच्या रोवणीला सुट्टी कधी मिळाली होती का मला? यंदा बाया सांगताना एक कमी सांगा.

तुमची,
माई