बर्लिनहून, संक्रांतीच्या आधी

बर्लिन, रविवार, ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई व अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी बाहेर आहे, घरात नाही. काळा मसाला अजून अर्धा शिल्लक आहे आणि दुपारचं जेवण सगळ्यांबरोबरच असतं, तेव्हा मी उपाशी राहते ही काळजी सोडा. अण्णा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं मात्र मला चार दिवसांनी कळवलंत. फोनवर मी काही बोलले नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. असं पुन्हा करू नका.

नुसतं बसून वाचायचे पैसे कोण देतं, असं मामा परत विचारत होते म्हणे. त्यांना सांगा, एलटीसीवर सिमल्याला गेलो होतो तेव्हा व्हाइसरॉयचा तो दगडी वाडा पाहिला ना, तिथे १९६५ पासून हेच चालतं. अभ्यासक तिथे राहून आपलं पुस्तक लिहितात. इथली संस्था, विसेन्शाफ्ट्सकोलेग, १९८१ ची. सप्टेंबर ते जुलै आम्ही चाळीसेक जण इथे आहोत. घर, कामाची खोली, दरमहा मानधन. शिकवणं नाही, पेपर तपासणं नाही. पुस्तक मागितलं की शहरातल्या ग्रंथालयांतून आणून हातात देतात. त्या बदल्यात इथेच राहायचं, एका मंगळवारी आपलं काम सगळ्यांपुढे मांडायचं आणि जेवायला एकत्र बसायचं.

जेवणाची अट मला आधी जाच वाटली होती. तुम्हाला माहीत आहे, रामकुंडावरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांतल्या नोंदी मी बारा वर्षं सुट्टीसुट्टीत उतरवून घेतल्या. एकीत सहीच्या जागी बोटभर नांगर काढलाय, फाळ जरा वाकडा, शाई पसरलेली. मी तो फोटो जेवताना दाखवला, तर समोरच्या तुर्की बाईंनी विचारलं, "आणि बायका काय काढत?" त्या एका प्रश्नावर माझं दुसरं प्रकरण उभं राहिलं. कॉलेज सांभाळून हे झालं नसतं, अण्णा. रजा बिनपगारी घेतली म्हणून तुम्हाला लागलं, मला कळतं. पण दुसरा रस्ता नव्हता.

इथला रविवार काही केल्या समजावता येत नाही, तरी सांगते. दुकानं बंद, हे एकवेळ ठीक. पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही. रिकाम्या काचेच्या बाटल्या रंग बघून वेगवेगळ्या टाकीत टाकतात, त्यासुद्धा आज नाही, कारण फुटल्याचा आवाज होतो. रविवार हा विश्रांतीचा दिवस, हे यांच्या संविधानातच लिहिलेलं आहे. पहिल्याच महिन्यात मी सकाळी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटायला बसले, तर शेजारच्या आजींनी दार वाजवलं. रागावल्या नाहीत, भिंतीला कान लावून दाखवला. आता मी चटणी शनिवारीच कुटते आणि त्यांना वाटीभर देते. आपल्याकडे सिंहस्थासाठी रस्ते खणायचा एवढा आवाज चाललाय, आई म्हणाली. मला तोही ऐकावासा वाटतो.

रविवारी मी चालत ग्रुनेवाल्ड स्टेशनला जाते. तिथल्या सतरा नंबरच्या फलाटावरून १९४१ च्या ऑक्टोबरपासून ज्यूंना गाड्यांत भरून नेलं. फलाटाच्या कडेला लोखंडी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांचा आकडा, कुठे नेलं ते. नाव एकही नाही. आपल्या वह्यांत बैलगाडीतून आलेल्या कुणब्याचं नाव, गाव, बापाचं, आज्याचं नाव. तिथे उभी राहिले की ते काम मला नीट करायचंय, एवढंच मनात येतं.

आता मनूचं. सुपारी फुटली हे वाचून रडूच आलं. १७ मेला अधिक महिना लागतो, म्हणून तारीख पहिल्या आठवड्यातली धरलीत ते बरं केलंत. पण लग्न झालं की लगेच जावयाचा धोंडा येणार. अनारसे, वाण, चांदीचं ताट, तो खर्च माझ्याकडे. हॉलच्या बयाण्याचे दीड लाख या आठवड्यात पाठवते. एफडी मोडू नका. फ्लॅटचा हप्ता इथून वेळेवर जातोय. मला दहा दिवसांची परवानगी मिळाली आहे, तिकीट काढलंय, मांडव घालायच्या आधी मी घरात असेन. साखरपुड्याला नसेन. मनूला मी वेगळं लिहिते, ती रुसली असेल तर तिचं बरोबरच आहे.

थोरलीचं राहिलं आणि धाकटीचं केलं, असं कुणी म्हणालं तर आई, तू काही उत्तर देऊ नकोस. मी आल्यावर मीच बोलेन.

तिळगूळ इथे मिळत नाही, गुळाचा खडा ठेवलाय. अण्णांच्या डोळ्यांत थेंब दिवसातून किती वेळा, ते कळव.

तुमची,
सुमी