बिटाच्या रानातला बँड

सॅगिनॉ, मिशिगन
ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

फोन असताना ही कागद कशाला काळे करतेय, म्हणशील. पण फोनवर आई मध्येच 'जेवलीस का' विचारते आणि सांगायचं राहून जातं.

इथे बिटाचा हंगाम सुरू झालाय. साखरेचं बीट, पांढरट, मुळ्यासारखं खाली निमुळतं. ट्रक वळला की दोन-चार रस्त्यावर गडगडतात. काढणी आता सगळी यंत्रानं. पूर्वी मात्र विरळणी-खुरपणीला टेक्सासकडून मेक्सिकन कुटुंबं यायची, पोराबाळांसकट. मुकादमसुद्धा असायचे. आपलंच ऊसतोडीचं बिऱ्हाड, फक्त बैलगाडीऐवजी ट्रकमध्ये. त्यातले काही जण मोटारींच्या कारखान्यांत लागले आणि इथलेच झाले.

आमच्या प्लँटवर त्यांच्यातलेच एक म्हातारबाबा आहेत. परवा त्यांनी गाडीत '९६ टियर्स' नावाचं जुनं गाणं लावलं. सुरुवातीलाच ऑर्गनचा एवढासा तुकडा, फिरून फिरून तोच. मला वाटलं, तूच कॅसिओवर वरात पुढे काढतोयस!

बँडचं नाव क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स. गायकानं कायद्यानं स्वतःचं नावच '?' करून घेतलं. (रेशनकार्डावर काय लिहीत असतील?) काळा चष्मा लोकांसमोर कधी उतरवत नाही. पोरं या शेतमजुरांच्या घरांतली, बरीचशी शाळकरी. १९६६ साली बे सिटीत, इथून अर्ध्या तासाच्या आत, एका घरात गाणं रेकॉर्ड केलं. एका बारक्या कंपनीनं तबकडी काढली. मिशिगनच्या रेडिओवाल्यांनी ती उचलून धरली, मग फिलाडेल्फियाच्या कॅमिओ कंपनीनं घेतली, आणि ऑक्टोबर संपता संपता अख्ख्या अमेरिकेत पहिला नंबर! पुढचं गाणं २२व्या नंबरावर अडकलं. मग उतरणच. वर्ष-दीड वर्षात कंपनीचा मालक बदलला आणि दशक सरेपर्यंत बँडही मोडला.

आणि मूळ टेपा? त्या नव्या मालकाच्या कुलुपात. सीडीवर ते असली रेकॉर्डिंग नीट निघालं ते २००५ साली. पण त्याआधीच, १९९७ मध्ये, ही मंडळी पुन्हा जमली आणि आपलीच गाणी आपणच नव्यानं रेकॉर्ड करून मोकळी झाली.

म्हातारबाबा हे सांगत होते आणि मला तालुक्याचा तो सीडीवाला दिसत होता. तुमच्या बेंजो पार्टीची मास्टर कॉपी दाबून बसला, वर चहाचे पैसेही तुझ्याकडूनच घेतले. आता त्याच्या दारात जाऊ नकोस. गोट्याला, ढोलकीवाल्या मामांना निरोप धाड. फडावर निघायच्या आत एक रात्र काढा, मोबाइलवर घ्या. गाणं तुला पाठवलंय. कॅसिओची मधली पट्टी दबत नाही ना? तिच्यावाचून वाजतं ते, मी बोटांवर मोजून बघितलंय.

आईला सांग, जेवले.

तुझी,
छकुली