नरक्या आणि लोहचुंबक

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू विचारलंस की त्या घाण वासाच्या नरक्याच्या झाडात एवढं काय आहे की लोक चोरून तोडून नेतात, आणि मी नंतर सांगतो म्हणून टाळलं, कारण खरंच लॅबमध्ये उभा होतो. आता बस निवांत.

अरे त्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, कॅन्सरवरच्या औषधांचं मूळ. १९६६ मध्ये अमेरिकेत वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी ते एका चिनी झाडातून काढलं, आणि हे मनसुख वाणी म्हणजे आपल्या नंदुरबारचे, तुला माहीत होतं का? नंतर ते आपल्या घाटातल्या नरक्यातही सापडलं. पण भानगड अशी की ते पाण्यात विरघळतच नाही. सत्तरच्या दशकात त्याचं सोडियम सॉल्ट करून पेशंटना दिलं तर लघवीतून रक्त जायला लागलं, ट्रायल बंदच केल्या. वर आणि रक्तात गेलं की त्याच्या रेणूतलं एक कडं उघडतं आणि औषध निकामी. त्यात थोडे बदल करून केलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, पण मूळ रेणू तसाच पडून.

आम्ही त्यालाच गाडी करून देतोय असं समज, बाहेरून चुंबक लावून ट्यूमरपर्यंत ओढून न्यायची. लोखंडाची दोन क्षारं, फेरस एक भाग फेरिक दोन भाग, त्यात अमोनिया टाकला की क्षणात काळंकुट्ट मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढलं जाणारं लोखंडाचं ऑक्साइड, खाली बसतं, कण १० नॅनोमीटरच्या आसपास. एवढे बारीक की चुंबक काढला की चुंबकत्वही गेलं, त्यामुळे एकमेकांना चिकटत नाहीत. वरून कायटोसानचा लेप, तो कोळंबीच्या टरफलापासून होतो, म्हणजे आपल्या कोकणचाच कचरा! औषध त्या लेपात, आणि ट्यूमरभोवती जरा आंबटपणा असतो तिथे लेप फुगून ते सुटतं. गेल्या आठवड्यात हवा लागू नये म्हणून सोडतो तो नायट्रोजनचा सिलिंडर मधेच संपला आणि माझं काळं सोनं तपकिरी झालं, दोन दिवस डोकं धरून बसलो होतो.

पण तू विचारशीलच की गावातल्या कुणाला कधी मिळणार, तर खोटं कशाला बोलू. बशीत खालून चुंबक लावला की कण पळत येतात, बघायला मजा येते, पण ते अंतर दोन मिलिमीटर. यकृतातला ट्यूमर म्हटला तर आत बोटभर खोल, आणि चुंबकाची ओढ अंतराबरोबर धाडकन पडते, वर रक्ताचा प्रवाह. १९९६ मध्येच जर्मनीत ल्युब्बे नावाच्या डॉक्टरांनी १४ पेशंटवर चुंबकाने औषध ओढून पाहिलं होतं, म्हणजे कल्पना काही नवी नाही, गाडी अजून तिथेच अडलीय. माझी पीएचडी होईल, औषध होईल का ते माहीत नाही.

पावसाळ्यात येतो. तुमच्या परड्यामागचा नरक्या अजून उभा असेल तर दाखव, आणि कुणी भाव विचारायला आला तर हाकलून दे.

तुझा,
पक्या