माहिती असते, शोधचौकटीला दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘संकेतस्थळावर काही म्हणता काही सापडत नाही’ हा सूर वाचकांच्या पत्रांतून नेहमी उमटतो. मी ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी ‘जरा शोधून द्या ना’ म्हणत लोक येतातच. त्या अनुभवावरून सांगतो, बऱ्याचदा माहिती तिथेच असते, फक्त तिथल्या शोधचौकटीवर विसंबून भागत नाही.

अलीकडेच एका विद्यार्थिनीला तिच्या विद्यापीठाचा फेरमूल्यांकनाचा नियम हवा होता. संकेतस्थळाच्या चौकटीत शब्द टाकला तर जुन्या सूचनांचे नुसते मथळे आले. अशा बऱ्याच चौकटी पानांची शीर्षके आणि वरवरचा मजकूर तेवढा चाळतात, आत जोडलेल्या पीडीएफपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा वेळी गूगल उघडावे आणि त्यालाच त्या एका संकेतस्थळापुरते बांधून घालावे. रोमन लिपीत ‘साइट’, त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून संकेतस्थळाचा पत्ता. मध्ये जागा सोडायची नाही. पुढे एक जागा सोडून आपला शब्द. (कळफलक मराठीवर राहिला तर कोलनाच्या जागी विसर्ग पडण्याची शक्यता असते. दिसायला दोघे जुळे भाऊ, पण विसर्गाने काम होत नाही आणि चूक डोळ्यांना दिसतही नाही.) फक्त पीडीएफ हव्या असतील तर तशाच पद्धतीने ‘फाइलटाइप’, कोलन, ‘पीडीएफ’ असे जोडावे, तेही रोमनमध्येच. नको त्या शब्दाआधी वजा चिन्ह दिले की तो शब्द असलेली पाने गळतात. मात्र वजा जपून वापरावे. आम्ही ‘वेळापत्रक’ वजा केले असते तर नियमपुस्तिकाही गेली असती, कारण तिच्यात तो शब्द आहेच.

खरी मेख मराठीची. शब्द दुहेरी अवतरणात टाकला की जसाच्या तसा शोधला जातो, असे सगळे सांगतात. पण आपल्याकडे कागदावर ‘फेरमूल्यांकन’ असे सुटे कमीच भेटते. ‘फेरमूल्यांकनाचे’, ‘फेरमूल्यांकनासाठी’ अशीच रूपे जास्त. त्यात शुद्धलेखनाची तऱ्हा. ‘मू’ दीर्घ हवा, पण परिपत्रके लिहिणाऱ्यांना ऱ्हस्व प्रिय. म्हणून ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन्ही रूपे अवतरणात टाकून मध्ये रोमन मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत ‘ऑर’ लिहिले. हवा तो नियम ऱ्हस्व ‘मु’ असलेल्या पीडीएफमध्ये निघाला! शुद्ध लिहिणाऱ्याच्या हाती तो एरवी लागला नसता. इंग्रजी शब्दांचेही तेच. ‘ॲप’मधला ‘ॲ’ कुणी एका चिन्हाने लिहितो, कुणी ‘अ’वर चंद्र चढवून. दिसायला सारखेच, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरे असू शकतात.

तारखेची चाळणीही आहे. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ला कोलन लावून वर्ष द्यायचे. पण गूगलने धरलेली तारीख आणि कागदावरची तारीख जुळेलच असे नाही. कागदावरचीच खरी मानावी. पान काढून टाकले असेल तर गूगलकडची साठवलेली प्रत आता मिळत नाही, ती सोय 2024 मध्ये बंद झाली. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या, इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जुना पत्ता टाकून पाहावा. 2001 पासून ते सर्वांना खुले आहे.

एवढे करूनही हात टेकावे लागतात, तेव्हा दोष शोधणाऱ्याचा नसतो. लॉगिनच्या आड ठेवलेले किंवा गूगलला मज्जाव केलेले पान बाहेरून शोधता येत नाही. त्याहून वैताग आणतात ते सही-शिक्क्यासह तिरके स्कॅन केलेले कागद. ते चित्र असते, मजकूर नव्हे. कंट्रोल आणि एफ दाबून डोळ्यांसमोरचा शब्दही सापडत नाही. जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांना कळणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) नसलेल्या फाँटमधला मजकूर तर आणखी फसवा. वर देवनागरी दिसते, पण नक्कल करून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा कचरा पडतो. देवनागरी 1991 पासून युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे आता सबब उरलेली नाही. सहीचा कागद हवा तर जरूर चढवा, पण तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला शेजारी ठेवा आणि फाइलच्या नावात नुसते ‘स्कॅन’ न लिहिता विषय व वर्ष लिहा.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल