चौथ्या मजल्यावरच्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

जिन्यात गाठून आभार मानले तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं!" म्हणून मोकळे व्हाल. म्हणून पीसीतले गेम नव्या डिस्कवर हलवायला शिकवल्याबद्दल हे जाहीर पत्र.

आमच्या पीसीत २५६ जीबीची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा जलद डिस्क) आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क. विंडोज आणि एकटा 'बाल्डर्स गेट ३' यांनीच एसएसडी गच्च भरली होती. त्या गेमलाच दीडशे जीबी लागतात. अपडेटसुद्धा पुढे सरकेना. दुकानातून सल्ला मिळाला की सगळं फॉरमॅट करा आणि गेम पुन्हा डाउनलोड करा. धाकट्या भावाचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता.

तुम्ही आलात आणि आधी एवढंच विचारलंत, "सध्या दोघं नक्की काय खेळता?" मला हे फार आवडलं. नवी डिस्क घ्या, हे कुणीही सांगेल. कुठला गेम कुठे ठेवायचा, ते तुम्ही आमच्या खेळण्यावरून ठरवलंत. 'बाल्डर्स गेट ३' २०२३ चा, त्याला एसएसडी लागतेच, म्हणून तो नव्या १ टीबीच्या एनव्हीएमईवर (म्हणजे आणखी जलद एसएसडीवर). 'विचर ३' २०१५ चा, तो हार्ड डिस्कवरही नीट चालतो, फक्त लोडिंगला जरा थांबावं लागतं. आईचा 'स्टारड्यू व्हॅली' एवढासा, तो कुठेही मावतो.

नवी डिस्क बसवण्याआधी तुम्ही मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून बसलात. आमच्या बोर्डावर एम.२ स्लॉट (ही नवी डिस्क बसते ती खाच) वापरला की दोन साटा पोर्ट (जुन्या डिस्कची केबल लागते त्या जागा) बंद पडतात, आणि हार्ड डिस्कची केबल नेमकी त्यातल्याच एकात होती. तुम्ही ती आधीच दुसऱ्या पोर्टात लावलीत. नाहीतर हार्ड डिस्क दिसेनाशी झाली असती आणि आम्ही ती गेली समजून रडत बसलो असतो. बाबांना मात्र वेगळीच शंका, १ टीबीचे पैसे दिले मग विंडोजमध्ये ९३१ जीबीच का? कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, हे तुम्ही त्यांना कागदावर गुणाकार करून पटवलंत.

गेम हलवायचं काम गुरुवारी सुरूच करू दिलं नाहीत. दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल, नेम नाही. शुक्रवारी स्टीममध्ये (गेम घेऊन खेळायच्या ॲपमध्ये) आधी स्टोरेजमध्ये नवा ड्राइव्ह जोडला, मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्स आणि तिथे 'मूव्ह इन्स्टॉल फोल्डर'. एपिक या तशाच दुसऱ्या ॲपवरच्या गेमसाठी तुमची युक्ती तर मी वहीत लिहून ठेवली आहे. गेमचा फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करायचा, मग गेम अनइन्स्टॉल, नव्या ड्राइव्हवर इन्स्टॉल सुरू करून थोड्या वेळाने थांबवायचं, कॉपी केलेल्या फाइल्स त्या फोल्डरात टाकायच्या आणि पुन्हा चालू करायचं. लाँचर, म्हणजे एपिकचं ॲप, आधीपासूनच्या फाइल्स तपासून घेतो, सगळं परत डाउनलोड करत नाही. आमच्या नेटला डेटाची मर्यादा आहे, त्यामुळे याचं मोल आम्हालाच ठाऊक.

आणि काका, सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला ते जपणाऱ्या फाइल्स. गेमचा फोल्डर हलवला म्हणजे सेव्हही हलले असं नसतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. 'विचर'चे डॉक्युमेंट्समध्ये, 'स्टारड्यू'चे ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये. फॉरमॅट केलं असतं तर आईची सगळी शेती गेली असती. तुम्ही ते दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलेत आणि आईसमोर उघडून दाखवलेत, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. त्याबद्दल तिने वेगळे आभार सांगायला सांगितले आहेत.

तुम्ही माउस एकदाही स्वतःच्या हातात घेतला नाहीत. सगळं धाकट्याकडून करून घेतलंत, त्याचे तेच तेच प्रश्न ऐकून घेतलेत. आता हे काम त्याला येतं, ते तुमच्यामुळे. मनापासून आभार.

तुमचा छोटा स्क्रूड्रायव्हर आमच्याकडेच राहिला आहे, संध्याकाळी आणून देते. काकूंना नमस्कार.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई